शांता, यांता आणि चाकाचा घोळ

दुभाषी (धागालेखक)

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

मी पुण्यात स्पॅनिश भाषांतराची कामं करतो. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, असलं कोरडं काम. मध्यंतरी गाड्यांच्या पोलादी रिम बनवणाऱ्या एका कारखान्याचं माहितीपत्रक आलं. रिमला स्पॅनिशमध्ये 'यांता'. लिहिताना सुरुवातीला दोन एल, उच्चार य. वर्गात बाईंनी हेच शिकवलं होतं, माद्रिदमध्ये छापलेल्या पुस्तकात चित्रासकट हेच होतं. मी बत्तीस पानांत जिथे तिथे 'यांता' घातलं, बिल पाठवलं आणि मोकळा झालो.

माहितीपत्रक गेलं मेक्सिकोला. तिकडून उत्तर आलं, "तुमचे पोलादी टायर पाहिले. रणगाड्याचे आहेत का? आम्हाला रिम हव्या होत्या."

मेक्सिकोत यांता म्हणजे टायर! रिमला ते म्हणतात 'रिन', म्हणजे इंग्रजी रिमच, शेवटच्या म चा न करून. कारखान्याचे साहेब रागावले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "तुम्ही शिकलात ते स्पॅनिशच ना?" हे जास्त लागलं.

तर प्रश्न असा, की भाषा एक, शब्द एक, मग अटलांटिकच्या एका काठाला तो धातूचा आणि दुसऱ्या काठाला रबराचा कसा झाला? कुठला देश कुठल्या बाजूला? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

निमसाखर

रणगाडा!! ठ्ठो.

लिमा_ते_लातूर

दुभाषी, तुमच्या बाईंची चूक नाही. मी औषधांच्या धंद्यात अकरा वर्षं दक्षिण अमेरिकेत फिरलो, भाड्याच्या गाड्या आणि खराब रस्ते, त्यामुळे हा शब्द मला पंक्चरच्या निमित्तानेच शिकावा लागला.

ढोबळ नकाशा असा. मेक्सिको, ग्वातेमाला आणि तिथून खाली मध्य अमेरिका, मग कोलंबिया, एक्वादोर, पेरू, बोलिव्हिया या सगळ्या पट्ट्यात यांता म्हणजे टायर. अर्जेंटिना आणि चिलीत स्पेनसारखंच, यांता म्हणजे धातूची रिम. व्हेनेझुएलात टायरला म्हणतात 'काउचो', म्हणजे सरळ 'रबर'. हा शब्द बहुधा अँडीज डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतून आलाय. क्युबा, पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक इथे टायर म्हणजे 'गोमा'. हेही रबरच, फक्त ग्रीक-लॅटिन घराण्यातलं.

गोमावर एक इशारा. मेक्सिकोत गोमा म्हटलं तर शाळकरी पोरगं तुम्हाला खोडरबर काढून देईल, आणि कोस्टा रिकात 'मला गोमा आहे' म्हणालात तर लोक समजतील की काल रात्री जरा जास्त झाली. हो, तिथे गोमा म्हणजे हँगओव्हर.

खरी गंमत कोलंबियात. शिष्ट स्पॅनिशमध्ये टायरला 'नेउमातिको' म्हणतात, स्पेनमध्ये पाटीवर तेच लिहिलेलं असतं. बोगोटात मी तो शब्द वापरला तर दुकानदाराने आतली ट्यूब काढून समोर ठेवली. तिथे नेउमातिको म्हणजे ट्यूब! विचार केला तर त्याचंच बरोबर. शब्द आलाय ग्रीक 'न्युमा'वरून, म्हणजे वारा, श्वास. हवा असते कुठे? ट्यूबमध्ये.

सायकल_आणि_चहा

+१. सायकलवाल्यांचा अनुभव जोडतो. स्पेनच्या आणि अर्जेंटिनाच्या सायकल-व्हिडिओंत बाहेरचा टायर म्हणजे 'कुबिएर्ता' (आच्छादन), आतली ट्यूब 'कामारा' (खोली), आणि यांता म्हणजे रिम. मला ही रचना फार आवडते. चाकाला खोली आहे, आणि खोलीवर आच्छादन.

मेक्सिकोवाल्यांची अजून एक सवय. टायरच्या कडेला लिहिलेलं असतं ना, २०५/५५ आर १६? त्यातला आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची ठेवण. पण त्यापुढचा १६ हा आकडा रिमचा व्यास, इंचांत. त्यामुळे तिकडे कितीतरी लोक आर म्हणजे रिन असंच धरून चालतात, आणि दुकानात मागताना 'यांता रिन सोळा' असं मागतात. म्हणजे 'सोळा रिमचा टायर'. चिली-पेरूत हेच 'आरो सोळा'. सायकलच्या चाकाचा आकार सांगताना अर्जेंटिनात 'रोदादो' २६, मेक्सिकोत 'रोदादा' २६. माप एकच आणि शब्द तीन.

निमसाखर

थांबा थांबा. पेरूत रिमला 'आरो'? आणि आपल्या बैलगाडीच्या चाकात 'आरे' असतात! संस्कृत 'अर'. बघा, पोहोचलो आपण पेरूपर्यंत. मी धागा जिंकला.

वाकडी_वाट

नाही जिंकलात. :-)

आपला आरा म्हणजे मधून बाहेर जाणारी काडी, त्यांचा आरो म्हणजे बाहेरचं कडं. अर्थ काटकोनात आहेत. शिवाय स्पॅनिश आरोचं मूळ त्यांच्या कोशकारांनाच नीट सापडलेलं नाही. ध्वनी जुळला म्हणजे नातं जुळलं असं मानलं तर मग 'काका' हा स्पॅनिशमध्येही काकाच असायला हवा. काय असतो ते शोधून बघा, पण जेवताना नको.

खरी नाती हवी असतील तर चाकातच आहेत. स्पॅनिश 'रुएदा' (चाक) लॅटिन 'रोता'वरून, आणि रोता व आपला 'रथ' एकाच मुळाचे. त्यांचा 'एखे' (आस) लॅटिन 'आक्सिस'वरून, तो आणि संस्कृत 'अक्ष' सख्खे चुलत. आपला गाडीचा 'आस' अक्षाचाच नातू.

आता यांताकडे. हा शब्द बहुतेक फ्रेंच 'झाँत'वरून आला. झाँत म्हणजे लाकडी चाकाचा बाहेरचा घेर, ज्यात आऱ्यांची टोकं बसतात. त्याच्यामागे जुन्या गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतला 'काम्बो', अर्थ वाकडा, बाक असलेला. आयरिश आणि वेल्श भाषांत आजही 'काम' म्हणजे वाकडं. स्कॉटिश आडनाव कॅम्पबेल म्हणजे 'वाकड्या तोंडाचा' आणि कॅमेरॉन म्हणजे 'वाकड्या नाकाचा'. माझं टोपणनाव इतक्या वर्षांनी सार्थकी लागलं.

आता मजा बघा. स्पेनमध्ये जुने गाडीवान चाकाच्या घेराच्या बाकदार लाकडी तुकड्याला 'पिना' म्हणत, आणि काही भागांत 'काम्बा'. हा काम्बाही त्याच केल्टिक 'वाकड्या'चा. म्हणजे काम्बा आणि यांता बहिणी निघाल्या. एक स्पेनमध्येच घरी राहिली, दुसरी फ्रान्सला नांदून इतकी बदलून आली की कुणी ओळखेना.

ब्युनोसवासी

धागा उशिरा पाहिला. सहा वर्षं ब्युनोस आयरेसमध्ये आहे, आणि उच्चाराचा मुद्दा कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. तुम्ही सगळे यांता यांता करताय. इथे त्या दोन एलचा उच्चार 'श' होतो. म्हणजे रिमला इथे काय म्हणतात?

शांता.

आईशप्पथ. पहिल्या महिन्यात गाडी दुरुस्तीला टाकली होती, तर मेकॅनिक हात पुसत बाहेर आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, शांता वाकडी झाली आहे, बदलावी लागेल. माझ्या सख्ख्या आत्याचं नाव शांता. तिला गुडघ्याचा त्रास आहे. मला हसू आवरेना, आणि त्याला वाटलं मला किंमत ऐकून वेड लागलं.

अजून एक. इथल्या पोरांच्या बोलीत 'शांतास' म्हणजे भारीतले स्पोर्ट शूज. 'आल्तास शांतास' म्हणजे 'काय जबरी बूट आहेत'. पायाला लावलेली चाकंच.

निमसाखर

शांता वाकडी झाली आहे. मी ऑफिसात आहे हो, असलं लिहू नका.

माईआजी

मला तुमचं स्पॅनिश कळत नाही, पण चाक कळतं. आमच्या घरासमोर सुतार आणि लोहार यांचं सामाईक अंगण होतं. तिथे मी लहानपणी दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत.

सुतार आधी तुंबा करायचा, मधला गड्डा. त्याला भोकं पाडून आरे ठोकायचा. मग बाभळीचे बाकदार तुकडे आऱ्यांच्या टोकांवर बसवत गोल पुरा करायचा. तोवर ते नुसतं लाकूड. मग लोहाराची पाळी. तो लोखंडी पट्टीचं कडं करायचा, त्याला म्हणायचे धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्या रचून त्यात ती लालबुंद करायची, म्हणजे पसरते. मग दोन-तीन माणसं लांब सांडशांनी ती उचलून चाकावर टाकायची, घणाने ठोकून खाली बसवायची. लाकूड पेट घ्यायचं, सगळीकडे धूर. की लगेच आम्ही पोरं भरलेल्या कळशा घेऊन धावायचो. पाणी पडलं की चर्र आवाज, आणि धाव आवळायची. आवळताना लाकडाचे सांधे करकर वाजत बसायचे ते मला अजून ऐकू येतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव खुळखुळायला लागली की चाकं ओढ्यात भिजत टाकायची.

तर माझा प्रश्न. ही जी धाव, ती तुमची यांता का? कारण मग ती लोखंडाची पण आहे आणि जमिनीला टेकणारी पण आहे.

वाकडी_वाट

माई, दंडवत. दुभाषींच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे.

हो, तीच. स्पॅनिश अकादमीच्या कोशात यांताचा एक अर्थ आजही 'गाडीच्या चाकाचं बाहेरचं धातूचं कडं' असा दिलेला आहे. म्हणजे धाव. फ्रेंचमध्ये झाँत हे लाकूड होतं. स्पॅनिशमध्ये येता येता शब्द एक थर बाहेर सरकला आणि लाकडावरच्या लोखंडाला लागला.

मग रबर आलं. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट थॉमसनचं, १८४५ चं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी ते पुन्हा केलं, १८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला, आणि मग मोटारी. आता चाकाच्या बाहेर जिथे एक वस्तू होती तिथे दोन झाल्या, धातूचं कडं आणि त्यावर रबर. जुनं नाव कुणाला द्यायचं?

धावेचे गुण दोन होते, माईंनी सांगितले तेच. ज्यांनी 'धातूचं कडं' हा गुण धरला त्यांनी नाव रिमला दिलं आणि रबरासाठी नवा शब्द आणला. स्पेन, अर्जेंटिना, चिली. ज्यांनी 'जमिनीला टेकतं ते' हा गुण धरला त्यांनी नाव रबराला दिलं आणि धातूसाठी नवा शब्द शोधला, कुणी रिन, कुणी आरो. मेक्सिको ते बोलिव्हिया.

आणि हे काही मेक्सिकोवाल्यांचं अडाणीपण नव्हे. इंग्रजी 'टायर'ने अगदी हेच केलं. तो शब्द 'अटायर'मधून, म्हणजे पोशाखातून आला. चाकाचा पोशाख. आधी तो लोखंडी होता, मग रबरी झाला, आणि नाव तेच राहिलं.

सायकल_आणि_चहा

सुंदर, पण मला हे जरा जास्तच गुळगुळीत वाटतंय. लोक बसून गुण निवडत नाहीत. माल येतो, मालाबरोबर शब्द येतो. मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएलात मोटारी अमेरिकेतून आल्या. 'रिन' हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे. धातूची जागा इंग्रजी शब्दाने बळकावली, म्हणून बिचारी यांता बाहेर ढकलली गेली. स्पेनला शेजार फ्रान्सचा, तिथे झाँत म्हणजे रिमच, त्यामुळे तिथे यांता आत राहिली. पंक्चरचंही बघा. मेक्सिकोत 'यांता पोंचली' असं काहीसं म्हणतात, ते इंग्रजी पंक्चरवरूनच. स्पेनमध्ये 'पिंचासो', टोचणं, स्वतःचा शब्द.

लिमा_ते_लातूर

मग पेरूचं काय करणार? तिथे यांता बाहेरच आहे, पण रिमला रिन नाही म्हणत, आरो म्हणतात. इंग्रजीने कुणाला ढकललेलंच नाही, तरी ती बाहेर गेली. वाकडी_वाट यांचं म्हणणं पेरूत टिकतं, तुमचं नाही.

सायकल_आणि_चहा

हम्म. पेरू अडचणीचा आहे, मान्य. पण स्पेनमध्ये शब्द आत राहण्याला फ्रेंच शेजार कारण आहे हे मी सोडणार नाही.

वाकडी_वाट

ते मीही सोडायला सांगणार नाही. चांगला मुद्दा आहे.

एक_भोपळा

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. लॅटिनमध्ये 'प्लांता' म्हणजे पायाचा तळवा. आणि लॅटिन 'प्ल'चं स्पॅनिशमध्ये दोन एल होतं, जसं 'प्लुविया'चं 'युव्हिया', पाऊस. मग यांता म्हणजे चाकाचा तळवा, असं नाही का होऊ शकत? इतकं छान जुळतंय.

वाकडी_वाट

स्वागत! तर्क पहिल्या दर्जाचा आहे. ध्वनीचा नियमही बरोबर. आणि लॅटिन प्लांतावरून यांता असा शब्द स्पॅनिशमध्ये खरोखर झालेला आहे.

फक्त तो एक कोबी आहे. गड्डा न धरणारा, लांब पानांचा, ज्याची पानं हिवाळाभर खुडून खातात. कोशात दोन यांता शेजारी-शेजारी आहेत, पहिली भाजी आणि दुसरी चाक. तळव्याचा सिद्धांत कोबीकडे गेला.

निमसाखर

आता शांता वाकडी तर झालीच, वर भाजीही झाली.

रच्याकने (जाता जाता), आपल्या स्टेपनीचं मूळ काय? तीही चाकातलीच.

वाकडी_वाट

वेल्समधलं लनेली हे गाव, तिथला स्टेपनी स्ट्रीट. १९०४ मध्ये डेव्हीस बंधूंनी तिथे जादा चाकाचा धंदा काढला, कारण तेव्हा मोटारींबरोबर जादा चाक येतच नसे. इंग्लंडात लोक हा शब्द विसरले. आपण धरून ठेवला, आणि ब्राझीलने. तिथे पोर्तुगीजमध्ये जादा चाकाला 'इस्तेपी' म्हणतात, त्याच गल्लीवरून. स्पॅनिशवाले मात्र या फंदात पडले नाहीत. मेक्सिकोत 'यांता दे रेफाक्सियोन', अर्जेंटिनात 'रुएदा दे आउक्सिलियो', म्हणजे मदतीचं चाक.

लिमा_ते_लातूर

पंक्चरवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही. अर्जेंटिनात 'गोमेरिया', कोलंबियात 'मोंतायांतास', क्युबात 'पोंचेरा', व्हेनेझुएलात 'काउचेरा', मेक्सिकोत 'वुल्कानिसादोरा'. पण मेक्सिकोच्या हायवेवर खरी पाटी दिसते ती 'तालाचास'. जुना टायर झाडाला टांगलेला किंवा कडेला उभा केलेला, त्यावर पांढऱ्या रंगात हाताने हा एकच शब्द. तालाचा हे मुळात माती उकरायचं अवजार. नावात अर्धी नाउआत्ल भाषा आहे (त्लाल्ली, माती) आणि अर्धी स्पॅनिश (आचा, कुऱ्हाड). त्यावरून कुठलंही चिल्लर कष्टाचं काम म्हणजे तालाचा, आणि त्यावरून पंक्चर.

पुएब्लाकडे जाताना एकदा रात्री थांबलो होतो. म्हातारबुवांनी ट्यूब काढली, हवा भरली, आणि पत्र्याच्या टबात, काळ्याकुट्ट पाण्यात, हातभर-हातभर दाबत फिरवायला लागले. बुडबुडे दिसले तिथे खडूने खूण. मी म्हटलं हे तर आमचं नगर-मनमाड रोडचं दुकान. फक्त रेडिओवर गाणं वेगळं.

ब्युनोसवासी

अवांतर: पोटावरच्या वळ्यांना मेक्सिकोत 'यांतितास' म्हणतात, छोटे टायर. स्पेनमध्ये 'मिचेलिनेस', मिशलँ कंपनीच्या टायरांच्या गोऱ्यापान बाहुल्यावरून. आपण मराठीत 'टायर आलेत' म्हणतो. या एका बाबतीत मराठी मेक्सिकोच्या बाजूला.

माईआजी

एक राहिलं. ऊस कारखान्याला न्यायला रबरी चाकांच्या बैलगाड्या आल्या, तेव्हा आमच्याकडे कुणी त्या रबराला धाव म्हटलं नाही. टायर म्हणाले, आणि गाडीला टायरगाडी. धाव हा शब्द जुन्या गाडीबरोबर लोहाराकडेच राहिला. लोहार पुढे वेल्डिंग करायला लागला.

दुभाषी (धागालेखक)

सगळ्यांचे आभार. माई, तुमचा पहिला प्रतिसाद मी छापून टेबलासमोर लावला आहे.

कामाचं सांगतो. माहितीपत्रक आता तीन प्रकारचं केलं. मेक्सिको-कोलंबियाला रिन, पेरूला आरो, अर्जेंटिना-चिली-स्पेनला यांता. शिवाय पहिल्या पानावर चाकाचं चित्र आणि प्रत्येक भागाला बाण. हे आधीच सुचायला हवं होतं. साहेब खूश. "आता स्पॅनिश बरोबर आलं" म्हणाले. मी काही बोललो नाही.

आज सकाळी बोगोटाच्या सायकलवाल्या गिऱ्हाईकाची मेल आली. रिम पसंत आहेत, सोबत मागच्या चाकासाठी दोनशे 'मान्साना'ही पाठवता का, दर कळवा. मान्साना म्हणजे सफरचंद. मी दोनदा वाचली. गिऱ्हाईक शुद्धीवर आहे.

सायकल_आणि_चहा

हब हो! कोलंबियात सायकलच्या हबला मान्साना म्हणतात. माईंचा तुंबा. पण थांबा, स्पेनला पाठवताना 'बुखे' लिहा, मेक्सिको-अर्जेंटिनाला 'मासा'. आणि मेक्सिकोत 'बुखे' लिहिलंत तर ते बुश समजतील, म्हणजे आसाभोवतीची बारीक नळी.

दुभाषी (धागालेखक)

नवीन धागा काढतो.